जुने ट्रान्झिस्टर: खान्देशात शोधायचे कसे आणि वाजते ठेवायचे कसे

खान्देशात जुना ट्रान्झिस्टर शोधायला लांब जावं लागत नाही. धाब्याच्या घराचा कोनाडा, मळ्यातल्या खोलीची खुंटी, माळ्यावरची पत्र्याची पेटी. कुठे ना कुठे तो पडलेला असतो. खरे प्रश्न त्यानंतरचे. कोणता उचलायचा, कितीला, सेल टाकायच्या आधी काय बघायचं, आणि भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात तो टिकवायचा कसा. माझं मत आधीच सांगून ठेवतो: दुर्मीळ मॉडेलच्या मागे धावण्यापेक्षा ज्यांचं घर आणि गाव माहीत आहे असे मोजके सेट घ्या, आणि ते वाजते ठेवा. कपाटभर मुके डबे मांडण्यात मला तरी मजा वाटत नाही.

आधी ठरवा, काय जमवायचं

ट्रान्झिस्टर हा छोटासा भाग १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला आणि त्यावर चालणारा बाजारातला पहिला रेडिओ, रीजन्सी टीआर-१, १९५४ मध्ये आला. आपल्याकडे त्याची किंमत कळली ती वेगळ्या कारणाने. त्याआधीच्या वाल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या रेडिओला वीज लागायची, नाहीतर जडशीळ बॅटरी. वीज न पोचलेल्या खेड्यात त्याचा उपयोग एखाद-दुसऱ्या वाड्यापुरताच. ट्रान्झिस्टरला चार सेल पुरायचे आणि तो गळ्यात अडकवून कपाशीच्या वावरात नेता यायचा. रेडिओ सिलोनची बुधवारची गीतमाला, ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झालेली विविध भारती, बाजारभाव, क्रिकेटची कॉमेंट्री हे सगळं त्याच डब्यातून आलं.

संग्रहाला धागा हवा, नाहीतर घरात नुसतं भंगार साठतं. कुणी एकाच कंपनीचे सेट जमवतं. फिलिप्स, बुश, टाटांचं नेल्को, केरळ सरकारचं केल्ट्रॉन आणि ठाण्यात कारखाना असलेलं मर्फी, ज्याच्या जाहिरातीतलं बाळ अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. कुणाला फक्त जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे, म्हणजे साधारण साठच्या दशकातले सेट हवे असतात. मला सगळ्यांत आवडतो तो तिसरा धागा: एका तालुक्याचे सेट. चोपड्याचे, शिरपूरचे, साक्रीचे. त्यात भारी मॉडेल कमी मिळतील, पण प्रत्येकामागे माणूस सापडेल. जपानी खिशातले सेट देखणे असतात, मात्र पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांचे भाग मिळणं कठीण.

शोध

पहिला शोध नात्यातला. दिवाळीच्या साफसफाईत माळे उपसले जातात, तेव्हा विचारून ठेवा. पण व्यवहार करायची खरी वेळ आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. लेकी माहेरी आलेल्या असतात, भाऊ एकत्र असतात, आणि वडिलांचा रेडिओ द्यायचा की नाही हे सगळ्यांसमोर ठरतं. एका भावाने परस्पर विकलेला सेट पुढे भांडणाचं कारण होतो आणि मग दोष घेणाऱ्यावर येतो. म्हाताऱ्या माणसाकडून बहुतेक वेळा एकच ऐकायला मिळतं, “बंद पडेल शे भाऊ, लई जाईसन काय करशात?” (बंद पडलाय भाऊ, नेऊन काय करणार?) याचा अर्थ विकायला तयार आहेत असा लगेच घेऊ नका. बसा, चहा घ्या, रेडिओवर काय ऐकायचे ते विचारा. द्यायचा नसेल तर दुरुस्त करून परत द्या. गावात तुमचं नाव होतं आणि पुढचे दोन सेट आपणहून चालत येतात.

दुसरी जागा भंगारवाला. त्याला तुमचा नंबर देऊन ठेवा आणि सांगा की रेडिओ फोडायच्या आधी फोन कर. भंगारात तांबं आणि स्पीकरचं लोहचुंबक यांनाच भाव असल्यामुळे सेट सर्रास फोडले जातात. वजनाच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे मोजले की तो खूश आणि सेटही वाचतो.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची जागा म्हणजे जुना मेकॅनिक. प्रत्येक तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान असायचं. आज तिथे मोबाईलची कव्हरं लटकलेली दिसतील, पण मागच्या फळीवर लोकांनी परत न नेलेले सेट, सुट्या भागांचे डबे, गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा पात्यांचा भाग) पडून असतात. अशा माणसाला नाना किंवा अण्णा म्हणून सकाळी, गिऱ्हाईक नसताना भेटा. सेटपेक्षा तिथलं ज्ञान घेऊन या.

आठवडे बाजारांत आणि सारंगखेड्याच्या यात्रेत जुन्या वस्तूंची पथारी दिसली तर थांबा, पण खास त्यासाठी जाऊ नका. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार इथे माल भरपूर, भावही तसेच. तिथे ‘अँटिक’ म्हणून नवीन बनावटीचे, आत ब्लूटूथ असलेले डबेही विकतात. मागे यूएसबीची खाच दिसली की पुढे चला.

हातात घेतल्यावर काय बघायचं

सेट चालू आहे का, हे सर्वांत शेवटी बघायचं. बंद सेट बहुधा दुरुस्त होतो. फुटलेली डायल मात्र पुन्हा मिळत नाही.

आधी बाहेरून. डायलची काच किंवा प्लास्टिक, त्यावरची छपाई, कंपनीचं नाव असलेली पट्टी, मूळ बटणं, मागचं झाकण आणि सेलचं झाकण. सेलचं झाकण हरवणं हा रेडिओचा जुना रोग आहे, त्याऐवजी रबरबँड किंवा चिकटपट्टी असते. कॅबिनेटच्या कोपऱ्यांत बारीक तडा असेल तर चालेल, पण प्लास्टिक वाकलं असेल तर सेट कधीतरी पत्र्याखाली किंवा चुलीजवळ राहिला आहे असं समजा.

मग सेलची जागा. पांढरट-हिरवा क्षार दिसला म्हणजे सेल गळलेत. स्प्रिंगपुरताच असेल तर घ्या. तो पुढे सरकून तांब्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे छापील बोर्डावर पोचला असेल तर किंमत निम्म्यावर आणा.

परवानगी मागून मागचं झाकण उघडा. काळी गोल किंवा चपटी फेराइट काडी, म्हणजे आतली एरिअल, अखंड आहे का, तिच्यावरची बारीक तार तुटलेली नाही ना, स्पीकरचा कागद उंदराने खाल्लेला नाही ना, हे बघा. खान्देशात हमखास सापडतात ती कुंभारीण माशीची मातीची घरटी आणि पालीची अंडी. त्यांनी घाबरू नका, ती निघतात. आत मध्येच एखादा नवा कोरा हिरवा बोर्ड दिसला तर कुणीतरी जुनं पोट काढून एफएमचं तयार किट बसवलं आहे. असा सेट शोभेपुरता, संग्रहात नको.

वय ठरवायला काही खुणा कामाला येतात. डायलवर किलोहर्ट्‌झऐवजी किलोसायकल असेल तर सेट जुन्या पिढीतला. कंपनीच्या किंवा दुकानाच्या पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोड त्या दिवसापासून आला. ‘मुंबई १’ अशा धाटणीचा पत्ता बहुधा त्याआधीचा. भारतात एफएमची सुरुवात १९७७ ची, मद्रासमधली, आणि खेड्यापाड्यांत ते पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणून एफएमचा पट्टा असलेला सेट ‘साठ सालचा’ म्हणून कुणी देत असेल तर तो परदेशी तरी आहे किंवा विकणारा थापा मारतोय. आत धातूच्या टोपीचे एसी १२८, एएफ ११७ असे ट्रान्झिस्टर असतील तर जर्मेनियमचा काळ; काळ्या प्लास्टिकचे बीएफ १९४, बीसी १४८ दिसले तर सिलिकॉनचा, म्हणजे पुढचा.

चामड्याचं मूळ कव्हर, बिल आणि परवान्याचं पुस्तक यांसाठी जादा पैसे द्यायला मी तयार असतो. पूर्वी रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दर वर्षी फी भरून पुस्तकात तिकिटं लावून घ्यावी लागत. ऐंशीच्या दशकात ही भानगड संपली. त्या पुस्तकात मालकाचं नाव, गाव, सेटची कंपनी असं सगळं असतं. संग्राहकाला याहून चांगला पुरावा मिळत नाही.

भावाबद्दल एवढंच: ऑनलाइन दिसणारा आकडा हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नाही. त्यावरून घासाघीस करू नका आणि घरच्या माणसांकडून घेताना फसवूही नका.

पहिल्यांदा सेल टाकताना

घरी आणला की लगेच सेल कोंबून बटण फिरवायचा मोह होतो. एक दिवस थांबा.

हत्यारं थोडी लागतात: चांगले छोटे स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, २५ वॉटची कथील लावायची इस्त्री, राळ असलेलं कथील, मऊ ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी यातलं बहुतेक मिळतं. न मिळणारे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा.

सेलची जागा आधी साफ करा. जुने साधे सेल गळले की त्यांचा क्षार आम्लाकडे झुकणारा असतो, त्याला पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा, कापसाच्या बोळ्याने. अल्कलाइन सेल गळला असेल तर उलट, पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. दोन्हींनंतर ओल्या बोळ्याने पुसून, मग अल्कोहोल फिरवून पूर्ण कोरडं करा. गंजलेली स्प्रिंग बारीक पॉलिश कागदाने घासा.

आता किती व्होल्टचा सेट ते बघा. दोन सेल म्हणजे ३, चार म्हणजे ६, सहा म्हणजे ९ व्होल्ट. धन-ऋण आतल्या खुणेप्रमाणेच जोडा. जर्मेनियमच्या बऱ्याच सेटमध्ये धन टोक चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. हल्लीच्या सवयीने ‘काळी वायर म्हणजे चॅसी’ धरून चाललात तर ट्रान्झिस्टर जळतील. मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून सेलच्या ओळीत घाला आणि आवाज शून्यावर ठेवून बटण चालू करा. साधारण १० ते २० मिलिअँपिअर दिसले तर सगळं ठीक. काटा १०० च्या पुढे गेला तर लगेच बंद करा. कुठेतरी शॉर्ट आहे. मीटर नसेल तर १०० ओहमचा एक रेझिस्टर ओळीत घालून बघा, सेट खरखरला तरी जीव आहे हे कळतं.

एलिमिनेटरवर, म्हणजे सेलऐवजी घरच्या विजेवर चालवायचा असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला, वजनाला जड असा जुन्या पद्धतीचा घ्या. पण त्याचं भार नसतानाचं व्होल्टेज छापील आकड्यापेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून आधी मोजा. मोबाईल चार्जरच्या जातीचे हलके अ‍ॅडॉप्टर मध्यमलहरीवर (मीडियम वेव्ह) इतका घरघराट करतात की स्टेशन दबून जातं.

आजार ओळखणं

अजिबात आवाज नाही: सेलच्या पट्ट्या, बटणातला स्विच आणि इअरफोनची खाच बघा. खाचेतली पत्ती गंजली की स्पीकरची जोडणी तुटते, आणि लोक सेट मेला म्हणून टाकून देतात. इअरफोनची पिन चार-सहा वेळा आत-बाहेर केली तरी काही सेट बोलू लागतात.

आवाज वाढवताना खरखर: व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून बटण वीसेक वेळा फिरवा. बँड बदलायच्या स्विचलाही तेच.

पुट्‌पुट्‌ असा आवाज, किंवा आवाज बारीक आणि चिरका: इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळलेत. जुन्या सेटचा हा सर्वांत मोठा रोग. एकेक बदला, सगळे एकदम उपटू नका. मायक्रोफॅरडचा आकडा तोच किंवा जवळचा, व्होल्ट तेवढाच किंवा जास्त, आणि दिशा मूळ होती तीच. इस्त्री लावायच्या आधी मोबाईलने फोटो काढा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या पायाशी काम करताना पाय पकडीने धरा, म्हणजे उष्णता पकडीत जाते.

घूं आवाज येतो पण स्टेशन नाही: स्क्रू ड्रायव्हरचं टोक हळूच व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला लावा. स्पीकरमधून टक किंवा घूं आलं तर पुढचा आवाजाचा भाग ठीक आहे, दोष रेडिओच्या भागात. आधी फेराइट काडीवरच्या बारीक तारा तपासा. त्या ठीक असतील आणि सेटमध्ये एएफ ११४ ते ११७ यांपैकी ट्रान्झिस्टर असतील तर एक ठरलेला रोग आठवा: त्यांच्या टोपीच्या आत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि टोपी आतल्या पायांना चिकटते. या ट्रान्झिस्टरला चार पाय असतात. टोपीला जोडलेला चौथा पाय कापला तर बरेचदा सेट तिथल्या तिथे गाऊ लागतो.

डायल फिरवताना एका टोकाला करकर झाली तर गँगच्या पात्या एकमेकींना घासताहेत किंवा मध्ये कचरा आहे. ब्रशने झटका, पात्या वाकवू नका. डायलची दोरी तुटली असेल तर ती कशी गुंडाळली होती याचा फोटो आधी, मग बारीक, न ताणणारी नायलॉनची दोरी.

एका गोष्टीला मात्र अजिबात हात लावू नका. चौकोनी धातूच्या डबीत रंगीत खिळ्यासारखे गाभे दिसतात, त्यांना आयएफटी म्हणतात. ते ४५५ किलोहर्ट्‌झच्या आसपास कारखान्यात जुळवलेले असतात आणि ठिसूळ असतात. ‘थोडं फिरवून बघतो’ म्हणणाऱ्याने चांगले सेट कायमचे बिघडवले आहेत. ते काम जुन्या मेकॅनिकचं.

साफसफाई

बटणं सरळ ओढून काढायची, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची नाहीत. अडली तर त्यांच्याखालून जाड दोरा घालून दोन्ही बाजूंनी सारखं ओढा. बोर्ड बाहेर काढल्यावर रिकामं कॅबिनेट कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. थिनर आणि पेट्रोल प्लास्टिकला खातात. डायलची छपाई बहुधा आतल्या बाजूने असते आणि ओल्या बोटाने सुद्धा निघते. तिथे फक्त कोरडा मऊ ब्रश.

चामड्याच्या कव्हरला लोक खोबरेल चोपडतात. त्याने चामडं काळं पडतं आणि पुढे खवट वास येतो. रंगहीन मेण पॉलिश कापडावर अगदी थोडं घेऊन चोळा. शिवण उसवली असेल तर चांभाराकडून जुन्याच भोकांतून शिवून घ्या. कॅबिनेटला रंग मारून नवं करायचा नाद नको. पट्ट्याने घासून गेलेला कोपरा तसाच राहू द्या, तो सेट शेतावर जायचा हे त्यावरूनच कळतं.

ऐकायचं काय

जळगाव आकाशवाणीची मध्यमलहर ९६३ किलोहर्ट्‌झची. मीटरची डायल असेल तर ३,००,००० ला ९६३ ने भागा, म्हणजे साधारण ३११ मीटरवर काटा आणा. खान्देशातल्या सेटची चाचणी मी याच जागेवर धरतो. दिवसा जवळचीच स्टेशनं लागतात. अंधार पडल्यावर वातावरणाचा लहरी शोषणारा खालचा थर विरतो आणि लांबची स्टेशनं उड्या मारत येतात. तेव्हा मुंबईचं १०४४ किंवा इंदूरचं ६४८ शोधा.

फेराइट काडीला दिशा असते, म्हणून सेट हातात धरून हळूहळू गोल फिरवा; एका बाजूला आवाज एकदम उघडतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात आत बसून सेटला नावं ठेवू नका, ओट्यावर किंवा गच्चीवर या. एलईडी बल्ब, पंख्याचे रेग्युलेटर, इन्व्हर्टर हे सगळे मध्यमलहरीचे शत्रू. लाईट गेल्यावर जुना रेडिओ जसा ऐकू येतो तसा एरवी येत नाही, आणि आपल्याकडे ही सोय महावितरण अधूनमधून करतंच. लघुलहरीवर (शॉर्ट वेव्ह) आता पूर्वीची गर्दी नाही. बीबीसी हिंदीची लघुलहरही २०२० च्या जानेवारीत थांबली. तरी संध्याकाळी पाच-सहा मीटर वायर खिडकीबाहेर सोडून तिचं टोक सेटच्या लांबवायच्या एरिअलला लावा, काहीतरी लागतंच. वळवाचे ढग दिसले की वायर काढून ठेवा.

ठेवायचं कसं

सेल आत ठेवून सेट कपाटात ठेवायचा नाही, एक आठवड्यासाठीही नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात पत्र्याचं कपाट, माळा आणि बंद गाडी या तीन जागा टाळा. प्लास्टिक वाकतं, स्पीकरचा कागद कडक होतो. आतल्या खोलीतली लाकडी मांडणी बरी, सुती कापडाने झाकलेली. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं तर पावसाळ्यात आत दमटपणा धरतो. दर महिन्याला प्रत्येक सेट अर्धा तास वाजवा, बटणं आणि स्विच फिरते राहतात.

एक वही करा. प्रत्येक सेटला क्रमांक, कंपनी, मॉडेल, कुठल्या गावातून, कुणाच्या घरून, काय ऐकलं जायचं, कोणता भाग कधी बदलला. देणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं त्याच दिवशी लिहा, नंतर गावं आणि नावं एकमेकांत मिसळतात. काढलेले जुने कपॅसिटर छोट्या पाकिटात घालून तोच क्रमांक टाका. परवान्याचं पुस्तक आणि बिल सेटच्या पोटात कोंबू नका, चिकटपट्टी तर लावूच नका. वेगळ्या कागदी पाकिटात, सेटच्याच क्रमांकाने, वहीजवळ ठेवा.